सायकलला घरी बसवलेलं सामान पुन्हा पुन्हा ढिलं होतंय? काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघा. यातलं एक जरी तुमच्या सायकलला लागू पडत असेल, तर पुढचं वाचा.

– गुळगुळीत डांबरावर सायकल शांत, पण स्पीड ब्रेकर किंवा पेव्हर ब्लॉक आले की खडखडाट.
– पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच ‘टक’.
– कॅरिअरवर ओझं ठेवलं की सायकलचा मागचा भाग डुलतो.
– मडगार्ड टायरला घासतं. हाताने सरळ केलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच.
– साइड स्टँड हळूहळू खाली लोंबतो आणि चालवताना क्रँकला (पायडल ज्यावर बसतं तो दांडा) किंवा टाचेला लागतो.
– हँडलवरचा लाइट खड्ड्यागणिक खाली वाकतो.
– आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण: पाना घेऊन घट्ट केलं की चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी पुन्हा ढिलं.

आमच्या सोसायटीतल्या आणि ओळखीपाळखीच्या सायकलींची ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे येतात. सायकल कुठलीही असो, साधी काळी किंवा गिअरची, तक्रार तीच असते: ‘कितीही आवळलं तरी टिकत नाही.’ माझा अनुभव असा की बोल्ट कमी आवळल्यामुळे ढिला झाला, असं फार थोड्या वेळा निघतं. बहुतेकदा दोष बोल्टच्या खाली असतो, म्हणजे तो ज्या पृष्ठभागावर बसलाय तिथे. आवळलेला बोल्ट म्हणजे खरं तर एक अतिशय ताठ स्प्रिंग. तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. खालचा रंग दबला, रबर चेपलं, प्लॅस्टिक सरकलं किंवा बसवलेला भाग मुळातच वाकवून ओढून बसवलेला असला, तर तो ताण निघून जातो. मग पुण्याच्या रस्त्यांचे हादरे उरलेलं काम करतात. अशा वेळी नुसतं जोरात आवळत राहिलं की शेवटी आटे जातात, आणि वीस रुपयांच्या कामाचं फ्रेमच्या दुरुस्तीत रूपांतर होतं.

म्हणून खालच्या क्रमानेच जा. आधी फुकटचं, मग स्वस्त, मग कष्टाचं.

फुकटची तपासणी: आवाज नक्की कुठून येतोय

पिशवी, कुलूप, बाटली, पंप, सीटखालचा पाऊच, सगळं काढून ठेवा आणि त्याच रस्त्यावर एक फेरी मारा. बाटलीच्या पिंजऱ्यात सैल बसलेली स्टीलची बाटली किंवा फ्रेमवर आपटणारी साखळी-कुलुपाची कडी यांच्यापायी लोकांनी अख्खं कॅरिअर उतरवलेलं मी पाहिलंय.

आवाज राहिलाच तर पुढचं चाक वीतभर उचला आणि सोडून द्या. मग तसंच मागचं. दुसऱ्या हाताने एकेक वस्तू धरून पुन्हा आपटा: मडगार्ड, कॅरिअर, घंटी, रिफ्लेक्टर. ज्या वस्तूला हात लावल्यावर आवाज बंद होतो, ती सापडली.

चालवताना येणारा आवाज असेल तर त्याची लय ऐका. पायडल मारणं थांबवून सायकल नुसती वाहू दिली आणि आवाज बंद झाला, तर तो पायडल, क्रँक किंवा चेनच्या बाजूचा. वाहतानाही चालू राहिला आणि वेगाबरोबर वाढला, तर चाकाचा किंवा चाकाला घासणाऱ्या एखाद्या वस्तूचा. उभं राहून पायडल मारल्यावर गायब झाला, तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटखालची नळी). ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका. सायकलच्या पोकळ नळ्यांमधून आवाज फिरतो, त्यामुळे सीटपोस्टची करकर खाली क्रँकमधून येतेय असं अगदी खात्रीने वाटतं.

नेलपॉलिशची रेघ

संशयित बोल्ट पुसून नीट आवळा. मग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागावर सलग जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. मार्करही चालतो, पण पावसात पुसला जातो. आठवडाभर रोजच्यासारखी सायकल चालवा आणि रेघ बघा.

रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकले असतील, तर बोल्ट खरोखर फिरतोय. रेघ जशीच्या तशी आहे आणि तरी वस्तू हलतेय, तर बोल्ट जागच्या जागी आहे आणि खालचं काहीतरी दबलंय किंवा झिजलंय. या दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) किंवा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव) कामाला येतं, दुसऱ्यात त्यांचा काहीही उपयोग नाही. लोक नेमके इथेच गोंधळतात आणि दबलेल्या रबरावर थ्रेडलॉकर ओतत बसतात.

उघडा, पुसा, पुन्हा बसवा

बोल्ट पूर्ण काढा. आट्यांत रंग, माती किंवा गंज आहे का बघा. नव्या फ्रेमच्या भोकात कारखान्याचा रंग बऱ्याचदा साचलेला असतो. बोल्ट तिथे जड जातो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, प्रत्यक्षात वस्तू दाबलीच गेलेली नसते. रॉकेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश फिरवा, कापडाने कोरडं करा, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि आधी बोटांनीच फिरवून आत घाला. ग्रीसमुळे बोल्ट निसटेल अशी भीती अनेकांना वाटते. होतं उलटं. आटे कोरडे असले तर आपला जोर घासण्यातच जातो. ग्रीस असलं की तोच जोर बोल्टला ताण द्यायला मिळतो. शिवाय जून ते सप्टेंबरच्या पावसात गंज धरत नाही. फक्त डिस्क ब्रेक असेल तर ग्रीस, तेल, स्प्रे यातलं काहीही डिस्कच्या आसपास नको. पॅडला तेल लागलं की ब्रेकची पकड जाते.

नवीन बसवलेली कुठलीही वस्तू पहिल्या आठवड्यानंतर एकदा पुन्हा आवळावी लागते, कारण खालचा रंग आणि प्लॅस्टिक तेवढ्यात दबून बसतं. हा दोष धरू नका. त्यानंतरही ढिलं होत राहिलं तर मात्र पुढे चला.

किती आवळायचं? कॅरिअर, मडगार्ड आणि बाटलीचा पिंजरा यांचे बोल्ट बहुतेक गिअरच्या सायकलींवर एम ५ मापाचे, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे असतात आणि नळकांड्यासारख्या उभट डोक्याच्या नेहमीच्या बोल्टला ४ मिलिमीटरची ॲलन की (एल आकाराची षटकोनी चावी) लागते. कीचं लांब टोक बोल्टमध्ये घाला, आखूड टोक हातात धरा. एवढ्या जोराने एम ५ बोल्ट पुरेसा आवळला जातो. लांब टोक हातात धरून अंगाचा जोर लावला की ॲल्युमिनियमच्या फ्रेममधले आटे सहज सुटतात. बाटलीच्या पिंजऱ्याचं भोक तर बऱ्याचदा फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या छोट्या नटाचं असतं. तो नट जागेवर गोल फिरायला लागला की बोल्ट आत जात नाही आणि बाहेरही येत नाही.

दहा-वीस रुपयांचे उपाय: बोल्ट, वायसर, नट

कॅरिअरसोबत आलेले बोल्ट तुमच्या फ्रेमसाठी योग्य लांबीचे असतीलच असं नाही. निदान बोल्टच्या जाडीइतकी लांबी आट्यात गेली पाहिजे, म्हणजे एम ५ साठी ५ मिलिमीटर. त्याहून कमी गेली तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो. फार लांब बोल्टची अडचण वेगळी. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला तो आतून बाहेर डोकावतो आणि चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आली की तिला घासतो. कॅरिअर बसवल्यावर चेन त्याच लहान चकतीवर नेऊन हाताने पायडल फिरवा आणि डोळ्यांनी बघा. ‘कॅरिअर लावल्यापासून गिअर बिघडले’ या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच तपासतो.

प्लॅस्टिकच्या मडगार्डखाली रुंद वायसर हवाच. नाहीतर बोल्टचं डोकं प्लॅस्टिकमध्ये रुतत जातं आणि भोक मोठं होतं. जिथे नट लावायला जागा आहे तिथे नायलॉक नट लावा. त्याच्या आतलं नायलॉनचं कडं आट्यांना धरून ठेवतं. तो उघडल्यावर बोटांनी सहज फिरायला लागला, की त्याचं आयुष्य संपलं, नवा घ्या. जिथे बोल्ट थेट फ्रेममध्ये जातो तिथे निळं थ्रेडलॉकर, एक थेंब. ते लावायचं तर ग्रीस लावायचं नाही, आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. लाल थ्रेडलॉकर सायकलच्या या कामांना वापरू नका. ते उघडायला बोल्ट तापवावा लागतो आणि त्यात फ्रेमचा रंग जळतो. प्लॅस्टिकवर कुठलंच थ्रेडलॉकर सांडू देऊ नका, काही प्रकारच्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

स्टेनलेस स्टीलचे एम ५ बोल्ट, वायसर, नायलॉक हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत सुटं मिळतं. जुना बोल्ट सोबत न्या. नुसतं माप सांगण्यापेक्षा तो दाखवणं बरं.

लाइट, घंटी, मोबाइलचा होल्डर

इथे फार वेळ घालवू नका. हँडल मध्यभागी जाड (३१.८ किंवा २५.४ मिलिमीटर) आणि मुठीपाशी बारीक (२२.२ मिलिमीटर) असतं. जाड भागासाठीचा क्लॅम्प बारीक भागावर लावला की तो घसरणारच. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा मागून घ्या, एक वेढा द्या, त्यावर क्लॅम्प लावा.

पण ट्यूबची ही युक्ती हलक्या वस्तूंपुरतीच. कॅरिअर, स्टँड, सीटपोस्ट, हँडलचा स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) अशा भार घेणाऱ्या जागी रबर घालू नका. रबर चेपत राहतं, बोल्टचा ताण टिकत नाही आणि वस्तू अंगाखाली असताना सरकते.

कॅरिअर आणि मडगार्ड: उतरवून पुन्हा बसवणं

इथपर्यंत सगळं करूनही कॅरिअर ढिलं होत असेल, तर मी ते सरळ उतरवतो. कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं: बसवण्याचा क्रम चुकलेला असतो. आधी खालचे दोन बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग वरच्या पट्ट्या फ्रेमच्या भोकापर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्या ओढून, वाकवून बोल्ट घुसवला जातो. आता कॅरिअर कायम परत सरळ व्हायला बघतंय. प्रत्येक खड्ड्यात ते बोल्टला एका बाजूला खेचतं, आणि अशा बाजूच्या ओढीने बोल्ट सगळ्यात लवकर फिरतो.

बरोबर पद्धत अशी. चारही बोल्ट फक्त बोटांनी, दोन-तीन फेऱ्या आत. वरची फळी जमिनीला समांतर आहे का, चाक कॅरिअरच्या बरोबर मधोमध आहे का, हे मागून बघा. पट्टी पोचत नसेल तर ती सायकलपासून सुटी करून हाताने किंवा शिकंज्यात वाकवा, इतकी की भोकासमोर ती आपोआप येऊन उभी राहील. बोल्ट काढला तरी पट्टी जागची हलत नाही, ही खूण. मग सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

मडगार्डच्या तारांनाही हाच नियम. तार ताणून बसवली असेल तर मडगार्ड एका बाजूला झुकणारच, कितीही वेळा सरळ करा. टायर आणि मडगार्ड यांत सगळीकडे करंगळी जाईल एवढी फट ठेवा. पावसात टायरला चिखल आणि बारीक खडी चिकटते, तिला जायला जागा नसेल तर मडगार्ड उचललं जातं आणि बोल्ट ढिले होतात.

फ्रेमला भोकंच नसतील तर रबराचं अस्तर असलेल्या पी आकाराच्या क्लिपा मिळतात. हलक्या सामानाला त्या ठीक. वर रबर नको म्हटलंय, त्याला हा एक अपवाद, आणि तोही कमी वजनापुरता. सीटपोस्टला एकाच क्लॅम्पने लटकणाऱ्या कॅरिअरवर डबा आणि लॅपटॉपपलीकडे काही ठेवू नका. कॅरिअरवर सहसा वजनाची मर्यादा कोरलेली किंवा छापलेली असते. ती वाचा आणि पाळा. मंडईतून भाजी आणताना ती ओलांडली जाते आणि दोष बोल्टला लागतो.

साध्या काळ्या सायकलींवर कॅरिअर, स्टँड आणि मडगार्डच्या तारा, सगळं मागच्या ॲक्सलवर (चाकाच्या मधल्या दांड्यावर) एकाच नटाखाली येतं. घरी आणखी एक पट्टी तिथे घातली की नटाला आटे पुरत नाहीत. नट पूर्ण बसून ॲक्सलचं टोक त्याच्या बाहेर किंवा निदान काठाशी आलं पाहिजे. नट अर्धाच बसत असेल तर ती जादा पट्टी काढून टाका. इथे कॅरिअरचा प्रश्न उरत नाही, चाक निसटण्याचा असतो.

साइड स्टँड

क्रँकच्या मागे, दोन नळ्यांना चिमटीत धरणारा स्टँड असेल तर बोल्टच्या खालच्या-वरच्या पट्ट्या नळ्यांवर सरळ बसल्यात का बघा. तिरक्या असतील तर आवळून उपयोग नाही. तिथला रंग पुसून कोरडा करा, ग्रीस असेल तर काढा. इथे जास्त जोर लावला की नळी चेपते, आणि चेपलेली नळी पूर्ववत होत नाही. स्टँडवर सायकल उभी असताना सीटवर बसू नका, मुलांनाही बसू देऊ नका. कार्बनच्या फ्रेमला असा स्टँड लावूच नका.

पायडल आणि क्रँक

हा विभाग नीट वाचा, कारण इथे उशीर केला की भाग फुकट जातो.

उजव्या पायडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायला सोपं: कुठल्याही बाजूला, पायडलची दांडी वरून पुढच्या चाकाकडे फिरवली की ती घट्ट होते. दांडीच्या टोकावर इंग्रजी ‘आर’ आणि ‘एल’ कोरलेलं असतं. प्रौढांच्या नेहमीच्या सायकलींना ९/१६ इंच मापाची दांडी लागते, मुलांच्या एकसंध क्रँकच्या सायकलींना १/२ इंच. आटे पुसा, ग्रीस लावा आणि पहिल्या चार-पाच फेऱ्या बोटांनीच फिरवा. अर्ध्या फेरीत अडलं तर ताबडतोब उलटं काढा. पाना लावून रेटलं तर दांडीचं पोलाद ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये तिरके आटे कापतं. शेवटी १५ मिलिमीटरच्या पान्याने चांगलं घट्ट करा. एम ५ च्या हलक्या हाताने हे काम होत नाही, इथे जोर हवा.

प्रत्येक फेरीला टक येत असेल आणि पायडल घट्ट असतील, तर दोन्ही क्रँक दोन हातांत धरा आणि चाकाच्या आडव्या दिशेने, फ्रेमकडे आणि फ्रेमपासून, हलवून बघा. दोन्ही बाजू एकदमच हलल्या तर आतल्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे. फक्त एकच हलली तर तीच क्रँक दोन्ही क्रँकना जोडणाऱ्या मधल्या दांडीवर सैल झाली आहे. ही मधली दांडी चौकोनी असेल तर क्रँकचा मधला बोल्ट लगेच आवळा आणि रेघ ओढून ठेवा. रेघ शाबूत असताना क्रँक पुन्हा हलली, तर तिचं चौकोनी भोक आतून गोलावलंय. ते आवळून परत चौकोनी होत नाही. क्रँक बदलणं हाच उपाय.

इथे थांबा, सायकलवाल्याकडे न्या

पुढच्या गोष्टींपैकी काहीही दिसलं तर घरचं काम बंद करा. सायकल चालवत न नेता हातात धरून न्या.

फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा, हँडल किंवा स्टेमवर रंगाला केसासारखा तडा दिसला, विशेषतः वेल्डिंगच्या जोडाजवळ. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यावर हँडलच्या खालच्या भागात ‘खट’ होतं आणि तिथे बोट ठेवल्यावर हालचाल जाणवते. हे हेडसेटचं (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याचं) काम आहे, त्यात बोल्ट उघडण्या-आवळण्याचा क्रम ठरलेला असतो. सीटपोस्ट किंवा जुन्या पद्धतीच्या स्टेमवरची ‘कमीत कमी एवढं आत’ ही रेघ बाहेर आल्याशिवाय तुम्हाला हवी ती उंची मिळत नसेल, तर जास्त लांबीचा भाग घ्या. रेघेपलीकडे ओढून जमवू नका. फ्रेममधले आटे गेले असतील तर ते पुन्हा मारता येतात किंवा त्यात नवे आटे बसवता येतात, पण ते टॅप (आटे कापायचं हत्यार) हातात असलेल्या माणसाचं काम. बोल्ट आतच तुटला तर पक्कड घेऊन कुरतडू नका. उरलेलं टोक जितकं शाबूत, तितकं काढणं सोपं. कार्बनच्या कुठल्याही भागावर टॉर्क रेंचशिवाय (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याशिवाय) काही आवळू नका. तिथे मर्यादा न्यूटन मीटरमध्ये सहसा भागावरच छापलेली असते.

आणि सिंहगड किंवा दिवे घाटाचा बेत असेल तर कॅरिअर, स्टँड, पायडल आदल्या दिवशी बसवून थेट जाऊ नका. आधी गावातल्या गावात काही दिवस चालवा, रेघा बघा, मग जा. उतारावर ढिलं झालेलं मडगार्ड चाकात अडकलं तर चाक जागच्या जागी थांबतं.

सायकलवाल्याकडे गेल्यावर ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. आवाज कधी येतो, कधी थांबतो, कुठली रेघ सरकली, हे सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुम्हाला नको असलेला भाग बदलला जात नाही. क्रँक गेली असं निघालं, तर डाव्या बाजूची एकटी क्रँकही मिळते, अख्खा सेट घ्यायची गरज नसते. फक्त लांबी जुनीइतकीच घ्या. ती सहसा क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, बहुतेक १७० किंवा १७५ मिलिमीटर.